पाच मार्कांची आई

माझ्या विद्यार्थिनीने ग्रंथालयात परत केलेलं अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक मी सहज चाळलं. गुलामांच्या बाजारात एक मालक आईला विकत घेतो, दुसरा तिच्या लेकराला. त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आयएमपी, पाच मार्क’.

माझं डोकंच फिरलं. एका बाईचा हंबरडा, आणि आपण त्याचे मुद्दे पाडतो, पाठ करतो, कंटाळा आला की ऑप्शनला टाकतो.

“लाज नाही वाटली हे लिहिताना?” मी तिला विचारलं.

ती गोंधळली. “मॅडम, वर्गात तुम्हीच सांगितलंत ना, लिहून घ्या म्हणून.”

मी खोडरबर घेऊन ते शब्द खसाखसा पुसले. अक्षरं गेली. कागदावरचे वळ मात्र तसेच राहिले.