शेपटीचा काप

गिऱ्हाइकानं बोट दाखवलं रे दाखवलं, की हौसाबाई त्या माशाच्या शेपटीला कोयत्यानं एक तिरका काप मारायच्या. मग मासा उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो तुमचा. आता देवानं मागितला तरी द्यायची न्हाय."

हे मी मासळीबाजारात पाहिलं नाही. बाणेर रस्त्यावरच्या एका वातानुकूलित हॉटेलात पाहिलं. तिथं रविवारी 'सी-फूड ब्रंच' असायचा. ब्रंच म्हणजे उशिरा उठायचं आणि तरीही एकही जेवण सोडायचं नाही. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, त्यांच्या मागोमाग हे आलं. माझा नवरा अमोल तिथल्याच एका कंपनीत नोकरीला. लग्नाचा पहिला वाढदिवस म्हणून मला घेऊन गेला. मी मोलकरणींच्या संघटनेत काम करायचे, पत्रकं लिहायचे, म्हणून दारातच त्यानं बजावलं, "आज एक दिवस भाषण नको, प्लीज."

अवघड होतं. आत शिरल्या शिरल्या बर्फावर मासे मांडलेले आणि त्यांच्यामागे हौसाबाईंना कोळीण करून उभं केलेलं. हिरवंगार काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात प्लास्टिकची फुलं, पाठीमागे लाटांचं भलंमोठं पोस्टर. टायवाला मॅनेजर येईल त्याला सांगत होता, "आमच्या मावशी, थेट किनाऱ्यावरून."

"कुठल्या गावच्या, मावशी?" मी विचारलं.

"खडकवासला."

"मग समुद्र?"

"ह्यो काय, रोज बघते की," त्यांनी पोस्टरकडे हात केला. "हलत न्हाय अजिबात."

अमोलनं एका सुरमईवर बोट ठेवलं. काप बसला. मॅनेजर धावत आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "काप मारायचा नाही, किती वेळा सांगायचं?"

"हात ऐकत न्हाय, सायेब."

एका कापानं याचं एवढं काय बिघडतं, मला कळेना. हात धुण्याच्या निमित्तानं मी मागच्या बाजूला गेले. हौसाबाई उपड्या क्रेटवर बसून चहा पीत होत्या. विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं. गिऱ्हाइकानं निवडलेला मासा आत जातो, एक चक्कर मारतो आणि परत बर्फावर येतो. ताटात पडतात फ्रीजरमधले तुकडे, कधीचे ते देव जाणे. "काप नसला तर त्योच मासा दिसभर चार टेबलांस्नी जेवू घालतो. काप मारला की परत मांडता येत न्हाय, म्हणून सायेबाचा जीव जातो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझं नाव कुठं घेऊ नका हां, ताई. डोईवरची पाटी आत्ता कुठं उतरलीय."

त्यांचा नवरा धरणात जाळं टाकायचा आणि त्या पाटी घेऊन गल्लोगल्ली मासे विकायच्या. मग काठावर शहरातल्यांची फार्महाऊसं आली, तारांची कुंपणं आली, मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला. जाळं खुंटीवर गेलं. तोवर हौसाबाईंची मान पाटीनं खाल्ली होती. बाजूला बघायचं तर त्या खांद्यांसकट वळायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्यावर पुन्हा ओझं घेतलंत तर उजवा हात जाईल. म्हणून हे लुगडं, ही फुलं.

टेबलापाशी आले तर ताट आलेलं, अमोल खातही होता.

"हा आपला मासा नाही," मी म्हणाले.

"चव छान आहे ना? मग?"

या 'मग?'वर अख्खं नवं पुणं उभं आहे. धरणाचा काठ अडवला, मग? बाईला बाहुली करून उभं केलं, मग? मी जेवले नाही. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं, 'तुमचा मासा कुठे गेला?' त्यात फ्रीजर होता, पोस्टर होतं आणि सगळ्यात झणझणीत परिच्छेद शेपटीच्या कापाचा होता. हौसाबाईंचं नाव मात्र नव्हतं. आपण किती जबाबदार, असं मनातल्या मनात म्हणत मी ते बुधवार पेठेतल्या छापखान्यात टाकून आले.

पुढच्या रविवारी हॉटेलच्या दारात उभी राहून पत्रक वाटलं. जोडपी आली, घेतलं, वाचलं. एक जण बायकोला म्हणाला, "इंटरेस्टिंग आहे यार," आणि दार तिच्यासाठी उघडून धरलं. कुणीही माघारी फिरलं नाही. पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच निघाला, मॅनेजर. संध्याकाळी हौसाबाई बाहेर.

अख्ख्या पुण्यातल्या हॉटेलांत शेपटीला काप मारणारी बाई एकच होती. हे त्या टायवाल्याला कळलं. गरिबांची बाजू मांडणाऱ्या मला कळलं नाही.

महिन्याभरानं कोथरूडच्या एका गल्लीत त्या दिसल्या. डोक्यावर पाटी, उजवा हात लोंबता. मी धावले, हात लावून पाटी खाली उतरवली आणि सुरूच झाले, "आपण लढू, मावशी. तक्रार करू. हॉटेलसमोर बसू."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नाव न्हवतं घातलं तुमी. शब्द पाळलात. पण शेपूट घातलंत की, ताई! आदी वाचून दाखवलं असतंत, तर मीच म्हणले असते, तेवढं काढा."

पिशवीत पत्रकाची एक प्रत होती. बावळटासारखी मी ती तेव्हा वाचून दाखवायला काढली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, पाटीतल्या फळीवर ठेवली, डाव्या हातानं कोयता उचलला आणि कागदाचा कोपरा तिरका कापून प्रत परत दिली.

"ह्ये गेलं. आता परत मांडायचं न्हाय."

मी ती प्रत उलटसुलट करून बघू लागले.

"बघताय काय? हात लावा पाटीला. एकटीला उचलत न्हाय."

मी दोन्ही हातांनी पाटी उचलली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्या खांद्यांसकट वळल्या आणि निघाल्या.

गेल्या वर्षी हौसाबाई वारल्या. हॉटेल चालू आहे. रविवारी बाहेर रांग असते. हा मजकूर छापायला देण्याआधी खडकवासल्याला गेले आणि त्यांच्या मुलीला, सुमनला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. तिनं दोन वाक्यं काढायला लावली. फार चांगली वाक्यं होती. काढली.