बुडालेलं लिंबू

आई गेली त्याच्या पंधराव्या दिवशी भाड्याने आणलेला तिचा पलंग दोन माणसं येऊन घेऊन गेली. पलंग होता तिथे गॅलरीच्या दारापर्यंत मोकळी फरशी उरली. मी तिथून जाताना अजूनही कडेकडेने चालायचे.

मी कळव्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही. शाळेच्या ऑफिसात नोकरी केली आणि निवृत्तीनंतरची चार वर्षं आईचं करण्यात गेली. भाऊ पुण्याला असतो, रविवारी संध्याकाळी फोन करतो. त्यानेच एकदा सांगितलं, काहीतरी छंद लावून घे. म्हणून मी नर्सरीतून लिंबाचं कमरेएवढं झाड आणलं आणि अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये गॅलरीत लावलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकायला लागलं तेव्हा ड्रमखाली मोठं ताट ठेवलं. त्यांची तक्रार मिटली.

पहिले दोन महिने झाड छान होतं. मग खालची पानं पिवळी पडायला लागली. हात लावला की देठासकट हातात यायची. नवी पालवी फुटली तीही फिकट, पानातल्या शिरा तेवढ्या हिरव्या. फोनवर शोधलं तर लोह कमी, जस्त कमी, नत्र कमी असं सगळंच निघालं. नर्सरीवाल्याने एक पावडर दिली. ती घातली. पंधरा दिवसांनी शेणखत घातलं. पानं दुपारी मलूल होऊन लोंबायची, म्हणून पाणी वाढवलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि मध्ये आठवण झाली की आणखी एक तांब्या.

तरी पानं गळतच राहिली. रोज सकाळी केर काढताना ती सुपलीत भरायची हेच माझं पहिलं काम झालं.

स्टेशनच्या पूर्वेला एक म्हातारी लिंबं, अळू, कढीपत्ता घेऊन बसते. ती इथल्या मूळ गावातली. चारी बाजूंनी बिल्डिंगी उठल्या तरी तिच्या घरामागे थोडी वाडी राहिली आहे, एवढं मला ठाऊक होतं. तिच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं लिंबं घेत आलेलो. एका सकाळी मी झाडाची एक फांदी पिशवीत घालून तिला दाखवायला नेली. तिने पान उलटसुलट करून पाहिलं, नुसत्या पानावरून सांगता येत नाही म्हणाली, आणि माल संपल्यावर दुपारी स्वतः आली. तीन जिने चढताना दोनदा बसली.

आईचे दिवस झाल्यावर घरात आलेली ती पहिलीच बाई, हे तिला पाणी देताना माझ्या लक्षात आलं.

ड्रमजवळ उकिडवी बसून तिने आधी झाडाकडे पाहिलंच नाही. मातीत एक बोट पूर्ण खुपसलं, बाहेर काढून वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरलं. गटारासारखा आंबूस वास आला. मग तिने कडेची माती उकरून एक मूळ ओढलं. वरची साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा राहिला. निरोगी मूळ पांढरं असतं, ओढलं तर ताणून धरतं, असं ती सांगत होती. मग ड्रमखालच्या ताटाकडे बोट दाखवलं. त्यात बोटभर हिरवं पाणी साचलेलं.

"तुजा झार उपाशी नाय गो," ती म्हणाली. "बुरलाय."

झाड बुडलंय, असं ती म्हणत होती. मुळंच कुजली तर खत कुणी खायचं, आणि पाण्यात उभं असूनही झाड तहानेल्यासारखं दिसतं, हे तिने मला समजावलं. मग विचारलं, एवढं पाणी का घालत होतीस?

मी म्हटलं, "आईला देता येत नव्हतं."

हे मी कुणाला बोलले नव्हते. आईचं हृदय थकलेलं होतं, पायांना सूज होती, आणि डॉक्टरांनी दिवसभरात एक लिटरच पाणी सांगितलेलं. मी बाटलीवर खुणा केल्या होत्या. शेवटच्या महिन्यात ती माझ्याकडे नर्सकडे मागावं तसं, अगदी अदबीने पाणी मागायची, आणि मी घड्याळ दाखवायचे. मी बरोबरच करत होते. तरी.

म्हातारीने विळा मागितला. विळा नव्हता, मी भाजीची सुरी दिली.

आम्ही दोघींनी झाड ड्रममधून काढलं. तिने काळी मुळं कापली, वाळलेल्या फांद्या उतरवल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला तिच्या वाडीतून विटांचे तुकडे आणि भुसभुशीत माती न्यायला लावली. झाड त्यात पुन्हा लावलं आणि ड्रम तीन विटांवर ठेवला. ताट फक्त पाणी घालताना सरकवायचं आणि लगेच ओतून द्यायचं. खत अजिबात नाही. बोट दोन पेरं कोरडं निघाल्याशिवाय पाणी नाही.

पहिल्या वेळी त्याला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी रोज सकाळी तांब्या भरायचे, बोट घालून बघायचे आणि तांब्या मोरीत रिकामा करायचे. सहाव्या दिवशी मोरीपाशीच बसून रडले. आईच्या दिवसांतसुद्धा इतकी रडले नव्हते.

झाडाची एक बाजू गेली. दुसऱ्या बाजूला दीड महिन्याने पालवी आली, पहिली पानं अजून फिकट, त्यानंतरची हिरवी. फळ धरलेलं नाही. म्हातारीचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. मी तिच्याकडे जाते, पण तिच्यासमोर गिऱ्हाईकं असतात, जास्त वेळ उभं राहता येत नाही. ती झाडाचं विचारते, मी सांगते, आणि लिंबं घेऊन घरी येते.