साक्षीचा तुकडा

ज्या वर्षी ह्यांना दिसेनासं होत चाललं होतं, त्या वर्षी आम्ही नवराबायको गच्चीवर प्लास्टिकच्या रंगावरून भांडत होतो. आज आठवलं की लाज वाटते. पण भांडत होतो, आणि त्यात माझाच आवाज मोठा होता, हेही सांगून टाकते.

मोतीबिंदू आहे हे आम्हाला ठाऊक होतं. चष्म्याचा नंबर तपासायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की सुरुवात झालीय, डॉक्टरांना दाखवा, फार पिकू देऊ नका. हे नुसते हसले. ह्यांच्या वडिलांचा एक डोळा ऑपरेशननंतर गेला होता. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, शाळेच्या वर्गात भरलेलं शिबिर. पण पट्टी बांधलेल्या वडिलांना हाताला धरून घरी आणलं होतं ते ह्यांनीच. मी विषय काढला की ठरलेलं उत्तर यायचं, "आधी छप्पर होऊ दे, मग बघू."

छप्पर माझ्या बिगोनियांचं. येलहंकाच्या आमच्या गच्चीवर साठेक कुंड्या आहेत. बिगोनिया म्हणजे मोठी नखरेल बाई. उजेड हवा, पण ऊन नको; दमट हवा हवी, पण अंगावर पाऊस नको. मे महिन्यात गारा पडल्या की पानांची चाळण होते आणि ऑक्टोबरात देठ कुजतात. महादेवपुऱ्याला राहणारी आमची लेक फोनवर म्हणाली, आई, घरच्या घरी ग्रीनहाऊस कर ना, ढिगाने व्हिडिओ आहेत. मी हो म्हटलं आणि ह्यांच्या कानावर घातलं. तिथेच चुकलं.

कारण ह्यांनी चौतीस वर्षं सरकारी संशोधन संस्थेत एकच काम केलं. विमानात वापरायचं साहित्य आधी जमिनीवर तपासायचं. तापवायचं, भिजवायचं, उन्हात टांगायचं, कुठे चिरतं आणि कुठे रंग बदलतो ते लिहून ठेवायचं. 'नापास' हा ह्यांचा लाडका शब्द. सांगाडा मात्र ह्यांनी आठ दिवसांत उभा केला. पीव्हीसी पाइप वाकवून पाच कमानी, वाऱ्याने तसूभर हलणार नाहीत अशा. मी म्हटलं, वा, आता वरून काहीतरी पांघरा की झालं. तर म्हणे, काय पांघरायचं ते आधी तपासावं लागेल.

झालं, माझी कपडे वाळत घालायची दोरी गेली. तिच्यावर पोळपाटाएवढे तुकडे लटकायला लागले, प्रत्येकाला चिमटा आणि तारखेची चिठ्ठी. पहिला तुकडा हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या प्लास्टिकचा, सगळ्यात स्वस्त. तो उन्हाने पापडासारखा झाला आणि बोट लावताच मोडला, तेव्हा मी ह्यांचं कौतुकच केलं. हिरव्या जाळीतून पाऊस सरळ खाली येत होता. शेजाऱ्यांनी दिलेल्या जुन्या फ्लेक्सखाली भर दुपारी दिवा लावावा असा अंधार, शिवाय त्याच्यावरचा कुणी पुढारी माझ्या कुंड्यांना हात जोडून उभा. पॉलिकार्बोनेटचे पत्रे उत्तम, पण त्यांचा भाव ऐकून आम्ही दोघं एका सुरात 'नको' म्हणालो, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. राहता राहिली ती फूलशेतीवाले वापरतात ती जाड फिल्म. आनेकलच्या रस्त्याला जागोजाग दिसते. उन्हात तीनेक वर्षं टिकते, आणि आपल्यासारख्यांना परवडते.

हीच घ्या, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. ह्यांनी तुकडा टांगला. तीन आठवड्यांनी निकाल लागला: पिवळी पडली, नापास. मग दुसऱ्या दुकानातून आणली. तीही पिवळी. तिसरीही.

ह्यांची पद्धत अशी की प्रत्येक नमुन्याचे दोन तुकडे कापायचे. एक उन्हात टांगायचा, दुसरा कपाटात अंधारात ठेवायचा. त्या दुसऱ्याला साक्षीचा तुकडा म्हणायचं. महिन्याभराने दोन्ही शेजारी ठेवले की उन्हाने काय बिघडवलं ते कळतं, कारण साक्षीदाराने ऊन पाहिलेलंच नसतं. हे साक्षीदार माझ्या रेशमी साड्यांखाली झोपायचे, आणि त्यावरूनही माझी कटकट असायची. पुढे पुढे हे ते तुकडे काढून बघेनासे झाले होते. ते काही माझ्या लक्षात आलं नाही.

बरंच काही लक्षात आलं नाही. आमच्या डोक्यावरून हवाई दलाची विमानं जातात. पूर्वी हे मान वर करून कुठलं विमान ते सांगायचे, आता चहाच्या कपाकडे बघत नुसत्या आवाजावरून सांगायचे. मला वाटलं, मुरलेला माणूस, बघायची गरजच काय! चिठ्ठ्यांवरचं अक्षर तर महिन्यागणिक मोठं होत चाललं होतं. जानेवारीत मुंगीएवढं, सप्टेंबरात वाटाण्याएवढं. मी ह्यांना बालवाडीत घालते म्हणून चिडवलंसुद्धा.

ऑक्टोबरात पाच कुंड्या कुजल्या. त्यात माझी लाल पानांची, बारा वर्षं जपलेली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! ठरवायची हिंमत नाही आणि नावं ठेवायची प्लास्टिकला. हे एरवी वादात हार जाणारे नव्हेत. त्या दिवशी मात्र कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत खाली गेले. तेव्हाही मला ते रुसणंच वाटलं.

शेवटी मीच ह्यांना सिटी मार्केटजवळच्या प्लास्टिकच्या गल्लीत घेऊन गेले. दुकानदार अण्णा सत्तरीचे, शांत. त्यांनी नवी कोरी गुंडाळी उलगडली. हे म्हणाले, ही तर आधीच पिवळी आहे, जुना माल खपवताय. अण्णांनी दुसरी काढली, जरा उजेडात धरून बघा म्हणाले. ह्यांनी तीही बाजूला सारली आणि आवाज चढवला. माझी मान खाली गेली. गुंडाळी दुधासारखी स्वच्छ होती, मला दिसत होती की! अण्णा रागावले नाहीत. हे पायरी उतरायला लागल्यावर मला हळूच कानडीत म्हणाले, "अक्का, शीट सरी इदे." शीट बरोबर आहे. आणि आपल्या चष्म्याला बोट लावून त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

घरी येईपर्यंत मी रिक्षात ते वाटाण्याएवढं अक्षर आठवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन आल्यावर, मी कपाटातून साक्षीचे तुकडे काढले आणि गच्चीवर गेले. दोरीवरचा एक तुकडा ह्यांच्या हातात दिला. कसा आहे? पिवळा. मग त्याचाच साक्षीदार दिला. हा? हे म्हणाले, हाही पिवळाच. अहो, ह्याने ऊन बघितलेलं नाही, मी म्हटलं. मी दोरीच्या टोकाला वाळत घातलेला ह्यांचा पांढराशुभ्र बनियन काढला, आदल्याच दिवशी नवा घातलेला, आणि त्याच्याशेजारी ठेवला. हा?

हे बनियनकडे किती वेळ बघत राहिले. मग बनियनची घडी घातली, एकदा नाही, दोनदा.

"म्हणजे मोजणारं यंत्रच बिघडलंय," ते म्हणाले. "मला उन्हाळ्यातच कळलं होतं गं."

मला रडू आलं. कळलं होतं तर बोलला का नाहीत, असं ओरडणार होते, तेवढ्यात माझं मलाच उमगलं. छप्पर ठरलं असतं तर डॉक्टरकडे जावं लागलं असतं. म्हणून हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तपासणीत खोटं लिहीत होता, चांगल्या मालाला नापास करत होता. आणि मी काय करत होते, तर म्हणी ऐकवत होते. मी ह्यांचा हात धरला. वडिलांना शाळेतून घरी आणतानाचा रस्ता ह्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितला. वडील वाटेत सारखे विचारत होते, अजून उजाडलं नाही का रे.

ऑपरेशन नोव्हेंबरच्या अखेरीला झालं, आधी उजव्या डोळ्याचं. तोवर चांगलंच पिकलं होतं, डॉक्टर बोललेच. बाहेरच्या बाकावर बसून मी एकही देव सोडला नाही. इकडे पंधरावीस मिनिटांत आटोपलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि घरी आल्या आल्या, धूळ लागेल म्हणून मी अडवत असताना, हे काळा चष्मा लावून गच्चीवर गेले. तिथे चष्मा उचलून दोरीवरचा एकेक तुकडा आधी एका डोळ्याने बघितला, मग दुसऱ्याने. हसायलाच लागले. म्हणाले, "ह्या डोळ्याने दूध दिसतंय आणि त्या डोळ्याने चहा."

मग ते चिठ्ठ्या वाचायला लागले. जानेवारीपासून ओळीने. वाटाण्याएवढ्या अक्षरांपाशी येईपर्यंत हसू गेलं होतं. सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी सोडवून खिशात घातल्या आणि मला त्यांच्याबद्दल काही विचारू दिलं नाही.

फिल्म आम्ही अण्णांकडूनच आणली. ह्यांनी त्यांची माफी मागितली, तर ते म्हणाले, माझे दोन्ही झालेत, सर. पंधरा दिवसांनी कमानींवर ती ताणली, बाजूंना वारा खेळायला जाळी लावली. खाली उजेड असा मऊ पडला की माझ्या उरलेल्या बिगोनियांसाठी मी खूश झाले. ह्यांनी नवी चिठ्ठी लिहून कमानीला बांधली. पूर्वीचं ते मुंगीचं अक्षर. वाच म्हणाले.

मी चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली, उन्हाकडे वळून बघितली. चष्मा पुसून पुन्हा बघितली. हे माझ्याकडे बघत उभे होते. तारीख असेल, मी म्हटलं. तारीख नव्हतीच त्यात. 'पास' असं लिहिलं होतं, तेही मला ह्यांनीच वाचून दाखवलं.

"तुझीही वेळ घेऊ या," ते म्हणाले. "माझ्या दुसऱ्या डोळ्याबरोबरच."

कुंडी उचलायला मी वाकले होते. वर न बघताच मी म्हटलं, "आधी रोपं आत हलवू द्या, मग बघू."