ईशानच्या खेळावर माधवरावांचं मत

ऑगस्टमध्ये मी अमेरिकेत होते, माझ्या मुलाला, ईशानला, कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला. त्याच्या गादीवर चादर घालत होते तेवढ्यात सौदीतल्या अल-खोबरहून संजयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "माधव गेला," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" आमच्या खोबरमध्ये 'गेला' या शब्दाचा पहिला अर्थ तोच. नोकरी संपली, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, परत केला, सामान विकलं आणि माणूस फायनल एक्झिटवर गेला... दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी असं जातंच. पण संजय म्हणाला, "अगं, गेला," आणि मला दुसरा अर्थ कळला. सकाळी कामावर निघताना जिन्यातच माधवरावांच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं खलास झालं होतं. ईशान कपाटात बूट लावत होता. त्याला सांगितलं तेव्हा तो तिथेच जमिनीवर बसला. हातातला बूट तसाच धरून म्हणाला, "ही वॉज सपोज्ड टु वॉच मी प्ले." त्याच्या पहिल्या सामन्याला अजून अवकाश होता.

माधवराव आठल्ये मूळचे नाशिकचे, संजयच्याच कंपनीत इन्स्पेक्शन इंजिनिअर. टाक्या आणि पाइपलाइनी तपासायच्या, त्या अजून किती काळ टिकतील ते सांगायचं, हे त्यांचं काम होतं आणि स्वभावही तोच. खोबरच्या मराठी मंडळींत कोणी जुनी गाडी घेणार असेल, पुण्यात फ्लॅट बघून ठेवला असेल, मुलीला स्थळ सांगून आलं असेल, तर पहिला सल्ला ठरलेला, "आधी आठल्यांना दाखवून घे." ते स्वतः गाडीखाली शिरायचे, बॉनेटमध्ये डोकं घालायचे, आणि गाडी चांगली आहे का असं विचारलं की उलट विचारायचे, "कशासाठी? दर आठवड्याला रियाधला जाणार असाल तर नाही. मुलांना शाळेत सोडायला उत्तम." नुसतं 'छान' म्हणणं त्यांच्या जिभेला जमायचंच नाही. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवतात. त्या म्हणायच्या, "एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या आमटीला एकदा छान म्हणाले नाहीत. फार खूश असले तर म्हणतात, आज मीठ बरोबर आहे." वहिनींनाही ते पुरत असावं, कारण हे सांगताना त्या हसत असायच्या.

इथल्या बऱ्याच मुलांसारखा ईशानही नववीनंतर अमेरिकेतल्या बोर्डिंग शाळेत गेला. तिथे जाऊन तो त्यांचं फुटबॉल खेळायला लागला, ज्यात पायाचा आणि चेंडूचा फारसा संबंध येत नाही. मला तो खेळ म्हणजे शिरस्त्राणं घालून केलेली मारामारी वाटायची. वर्षभरानं त्यानं कळवलं की शाळेच्या संघात तो 'वाइड रिसीव्हर' झालाय. संजयनं ही बातमी मोठ्या अभिमानानं माधवरावांना सांगितली, तर ते शांतपणे म्हणाले, "किती इंचाचा?" त्यांच्या धंद्यात रिसीव्हर म्हणजे पाइपलाइनच्या टोकाला बसवलेलं मोठं भांडं. मग संजयनं समजावून सांगितलं. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, इशारा झाला की सुसाट सुटायचं, अंगावर येणाऱ्याला चकवायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. "असं होय," माधवराव म्हणाले, "म्हणजे पळतीचा गडी." ते स्वतः कॉलेजात खो-खो खेळलेले. त्या दिवसापासून त्यांनी तो परका खेळ आपलासा केला, नियम पाठ केले, आणि प्लांटमधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याचं डोकं खाऊन बारकावे शिकून घेतले.

गेल्या डिसेंबरात ईशान सुट्टीला आला तेव्हा घरात तंग वातावरण होतं. शाळेचं शेवटचं वर्ष, कॉलेज निवडायचं होतं. एका मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाच्या संघानं कळवलं होतं की ये, सरावाला उभा राहा, घेऊच असं वचन नाही. एका लहान कॉलेजच्या कोचनं मात्र स्वतः फोन करून त्याला बोलावलं होतं. ईशानला मोठंच हवं होतं. संजयला दोन्ही नको होती. "खेळ शाळेपुरता झाला, आता इंजिनिअरिंग," हे त्याचं पालुपद. जेवणाच्या टेबलावर बाप मराठीत ओरडायचा, मुलगा इंग्रजीत उत्तरं द्यायचा आणि वरण निवत राहायचं. शेवटी संजयच म्हणाला, "माधवला दाखवू. तो म्हणाला पोरात दम आहे, तर माझी हरकत नाही. नाही म्हणाला तर विषय बंद." ईशान लगेच कबूल झाला. काकांनी त्याला सायकल शिकवलेली, काका आपल्या बाजूचे, अशी त्याची खात्री होती.

ईशाननं त्याच्या उत्तम झेलांची एक चकचकीत चित्रफीत बनवली होती, संगीत वगैरे घालून. माधवरावांनी ती पाहिली आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "हे स्थळाला पाठवायचे फोटो झाले. मला घरातल्या कपड्यातला मुलगा दाखव." त्यांना अख्खे सामने हवे होते, हरलेलेसुद्धा. मग सुट्टीतल्या शुक्रवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही बसायचो. मीही जायचे, कारण त्या शिरस्त्राणात डोकं माझ्या पोराचं होतं. माधवराव चेंडूकडे बघायचेच नाहीत. चेंडू कुठेही असो, त्यांची नजर ईशानवर. मध्येच थांबवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा बघायचे. वहिनी म्हणायच्या, "अहो, पोहे गार झाले," आणि ते "हो, हो" म्हणत पुन्हा मागे घ्यायचे.

ईशान परत जायच्या आधी त्यांनी आम्हाला बोलावलं. "काका, बी ऑनेस्ट," ईशान म्हणाला. हे सांगायची गरजच नव्हती.

"सरळ पळताना तू बरा आहेस, वेगवान नाहीस," माधवराव म्हणाले. "मागचा मुलगा तुला गाठतो, आणि हा वेग आता फारसा वाढणार नाही. वळण मात्र सुरेख आहे. खांबाजवळ वळावं तसा वळतोस, गती पडत नाही. झेल हातात घेतोस, छातीवर नाही. चेंडू दुसऱ्याकडे गेला तरी त्याच्यासाठी वाट मोकळी करतोस, ते मला सगळ्यात आवडलं." मग ते थेट ईशानकडे वळले. "आणि मैदानाच्या मध्यात आलास की घाबरतोस. समोरून कोणी धडकणार असं दिसलं, की चेंडू हातात यायच्या आत मान वळवतोस. नेहमी नाही. पण मोठ्या कॉलेजात तेवढंही पुरतं. तिथे चार वर्षं बाकावर बसशील. लहान कॉलेजात खेळशील. खेळायला जाणार असशील तर तिकडे जा... आणि संजय, तू त्याला पाठव."

ईशानचा चेहरा लाल झाला. "काका, यू हॅव नेव्हर इव्हन वोर्न अ हेल्मेट."

"घालतो की, रोज, प्लांटमध्ये. पण तुझं म्हणणं बरोबर आहे," माधवराव म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. पोराला भित्रा म्हटल्यावर कोणत्या आईला येणार नाही? त्याच्या बापासमोर इतकं खरं बोलायची काय गरज होती, असं मी घरी येईपर्यंत संजयला ऐकवत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा डबा परत करायला निघाले, तर ईशान आपणहून बरोबर आला. चपलाही न काढता त्यानं दारातच विचारलं, "हाउ डू आय फिक्स इट?" माधवराव म्हणाले, "मला माहीत नाही. माहीत असतं तर मी खो-खो सोडला नसता. एकदा खांबावर तोंड आपटलं, आणि मग खांबाजवळ पोचलो की माझे डोळे मिटायचे. कोणाला कळलं नाही कधी. मला कळायचं." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनाही हे नवीनच असावं. "उपाय तुझा कोच सांगेल," माधवराव पुढे म्हणाले. "भीती गेली की नाही, एवढं मी बघून सांगेन." ईशाननं मान डोलावली, चपला काढल्या आणि आत येऊन बसला. माझा राग तिथेच विरला. उलट वाटलं, माझ्या मुलाकडे इतकं नीट बघणारं दुसरं कोण आहे... मीसुद्धा नव्हते.

ईशाननं लहान कॉलेज घेतलं आणि संजय दिल्या शब्दाला जागला. ऑगस्टमध्ये माधवराव गेले, तेव्हा वहिनी त्यांचं पार्थिव घेऊन नाशिकला गेल्या. त्यांचा इकामा नवऱ्याच्या नोकरीवर नव्हता, शाळेचा, स्वतःचा, म्हणून सगळं आटोपून त्या परत आल्या. हे शैक्षणिक वर्ष पुरं करून मग कायमच्या जाणार आहेत. मी खोबरला परतल्यावर एका शनिवारी ईशानचा पहिला सामना होता, इथे तेव्हा संध्याकाळ. वहिनींचाच फोन आला, "इकडेच या बघायला. घर फार शांत असतं." आम्ही गेलो. संजयनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. वहिनींनी पोहे केले होते, आणि माधवरावांच्या रिकाम्या खुर्चीवर कोणीच बसलं नाही.

ईशानला उत्तरार्धात मैदानावर आणलं. बराच वेळ त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. मग एकदा तो सरळ सुटला, वळला, मैदानाच्या मध्यात शिरला, आणि चेंडू त्याच्याकडे आला. त्याच क्षणी एक दांडगा मुलगा समोरून त्याच्यावर आदळला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ईशान जमिनीवर होता, चेंडू बाजूला पडला होता. तो उठला, हातानं ठीक असल्याची खूण केली. वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता.

सामना संपल्यावर त्याचा फोन आला. हरल्याबद्दल, लागल्याबद्दल काहीच बोलला नाही. "आई, त्या बॉलला मी मान वळवली का?" संजयनं तेवढाच भाग पुन्हा लावला. आम्ही तिघं टीव्हीजवळ जाऊन उभे राहिलो. पुन्हा पाहिलं, हळू करून पाहिलं. आम्हाला कळेना. वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "यांनी एका नजरेत सांगितलं असतं."

"नाही रे, वळवली नाहीस," मी फोनवर म्हटलं.

तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, तू तर असंच म्हणणार."