दहात चार

हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लष्करी चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोरही नाही. त्या दिवशी सकाळी माझा आकडा सहा आला होता. मी चार सांगितला.

आकडा कसला, ते आधी सांगायला हवं.

चीनच्या लढाईच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. मी तोफखान्यात हवालदार होतो. काम मेटचं, म्हणजे हवामानाचं. वारा कुठला, हवा किती दमट, ढग किती उंच, हे मोजून तोफवाल्यांना कळवायचं. तिथून मला बेंगळूरला सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, एका ट्रेनिंग कंपनीकडे उसना पाठवला. मला बरंच वाटलं, कारण मी इथलाच. आमची घरं इथे तीनशे वर्षांची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. कॅम्प महादेवपुऱ्याच्या बाजूला होता. तेव्हा तिकडे रागीची शेतं आणि तळी, बाकी काही नाही.

सॅपर्स एका कोरड्या तळ्याच्या काठाला, जुन्या रस्त्याच्या भरावाखाली गॅलरी खणत होते. गॅलरी म्हणजे पूल किंवा रस्ता उडवायची दारू आत नेऊन ठेवण्यासाठी खणलेला बुटका बोगदा. तोंडाशी उतार, मग लाकडाच्या चौकटी. सुरुवातीला माणूस वाकून जायचा, पुढे गुडघ्यांवर. उन्हाळ्यात इथली लाल माती विटेसारखी असते. पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वळीव येतो, आणि आला की तळ्याला मिळणारा कालवा बघता बघता भरतो. म्हणून त्यांना मेटचा माणूस हवा होता.

कंपनीचे मेजर साहेब परदेशात कोर्स करून आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आज पाऊस?"

"शक्यता आहे, सर."

"शक्यता मलाही दिसते. दहात किती ते सांग."

मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. आजच्यासारखे दहा दिवस आले, तर त्यातल्या किती दुपारी पाऊस पडेल? तेवढाच आकडा द्यायचा. "होय की नाही ते मी ठरवीन. तू आकडा खरा दे."

त्यांचा नियम साधा होता. पाच किंवा वर आला, तर गॅलरीत कोणी उतरायचं नाही. चार किंवा खाली आला, तर काम चालू.

मला ही पद्धत मनापासून आवडली. तोवर पाऊस पडला की मी शहाणा आणि नाही पडला की गाढव, एवढाच हिशेब होता. आता 'तीन' म्हटलेले दिवस वेगळे काढून बघता येत होतं, त्यात पाऊस दहात तीनदाच आला का. बहुतेक जुळायचं. रोज सकाळी ओल्या-कोरड्या तापमापकांचं रीडिंग घ्यायचो, वरच्या हवेची खबर विमानतळावरून फोनवर घ्यायचो, आणि नऊला मेजर साहेबांसमोर उभा राहायचो. "हवालदार, आकडा?" "दोन, सर." एवढंच बोलणं.

मग तो आठवडा आला. सोमवारी मी सहा म्हटलं, पाऊस नाही. मंगळवारी सहा, पाऊस नाही. बुधवारी सात म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत टिपूस नाही. हे असं होऊ शकतं. सहा म्हणजे चार वेळा कोरडंच जाणार, आणि ते चार एकामागून एक आले तरी तक्रार करायला जागा नाही. पण हे लंगरमध्ये, जवानांच्या जेवणाच्या रांगेत, कोणाला सांगणार? काम तीन दिवस बंद, शनिवारी ब्रिगेडियर साहेबांची पाहणी, आणि गॅलरी पुरी होईपर्यंत कोणाला रजा नाही. बुधवारी रात्री जेवायला बसलो तर माझ्या जागेवर चार काठ्या रोवून ग्राउंडशीट ताणलेली.

"बसा मेट साहेब, भिजाल!" स्वयंपाकी म्हणाला. सगळी रांग हसली. मीही हसलो. त्या ताडपत्रीखाली बसून जेवलो.

नाईक गोविंदराव गॅलरीच्या पार्टीचा प्रमुख होता. आमच्यातलाच, बेंगळूरचा मराठी. त्याचं घर राजाजीनगरला, थोरल्या बहिणीकडे. आई-वडील लहानपणीच गेले, अक्कानेच वाढवला. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणून मला तो अण्णा म्हणायचा. हवालदार म्हणून कधी हाक मारली नाही, फक्त परेडवर.

गुरुवारी सकाळी मी रीडिंग घेत होतो तेव्हा तो दाढीचा साबण तोंडाला तसाच लावून आला.

"अण्णा, आज किती?"

"अजून काढायचाय."

"रविवारी अक्काच्या मुलीला बघायला मंडळी येतायत. मामा नको का तिथे? अक्काने दोनदा निरोप पाठवला."

"मग?"

"मग काय! स्वल्प कमी कर की." तो हसत होता. "तुझं काय जातं? चार म्हण."

"जा, तोंड धू."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणत तो गेला.

आकडा सहा आला. मी पुन्हा काढला. हवा कालच्यापेक्षा दमट होती. सहाच.

वाचणाऱ्याला वाटेल, मी मित्राच्या रजेसाठी केलं. इतकी वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आलो. ते खोटं आहे. मला ती ग्राउंडशीट पुन्हा बघायची नव्हती. चौथ्या दिवशी सहा म्हणून कोरडा जाण्याची मला भीती वाटली, पावसाची नाही वाटली.

"हवालदार, आकडा?"

"चार, सर."

मेजर साहेबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "नक्की?"

"चार, सर."

दहाला पार्टी उतरली. अडीचच्या सुमाराला आग्नेयेला एक ढग उभा राहिला. दहा मिनिटांत त्याचा माथा पसरला. मी फील्ड टेलिफोनचं हँडल फिरवलं. त्याच तारेवर गॅलरीच्या आतल्या टोकाला एक फोन होता, दुसरा तोंडाच्या वर काठावर ताडपत्रीखाली, तिसरा माझ्या मेटच्या तंबूत.

"गोविंदा, बाहेर या. सगळे. आत्ता."

"शेवटची चौकट ठोकतोय. पाच मिनिटं."

"आत्ता!"

त्याने माणसं बाहेर काढली. एकेक करून, कारण दोघं शेजारी मावत नव्हते. सॅपर मुनिस्वामी शेवटून दुसरा. तो उतारावर पोचला तेव्हा गारा सुरू झाल्या होत्या. कालवा फुटून पाणी थेट उतारावर आलं, आणि मुनिस्वामीच्या पाठोपाठ वरची माती दोन चौकटींसकट खाली बसली. मी धावत पोचलो तेव्हा तोंड दिसत नव्हतं. लाल चिखल होता आणि मुनिस्वामी तो हातांनी उपसत होता.

गोविंदराव आत होता. फोनची तार शाबूत होती.

कंपनीच्या सुभेदार साहेबांनी वीस माणसं लावली. एक फावडं चिखल काढला की दोन फावडी वरून यायचा. पाऊस थांबल्याशिवाय खणणं निरर्थक होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. सुभेदार साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. "तुझा दोस्त आहे. बोलत राहा. बंद करू नको."

"गोविंदा."

"हं. अंधार आहे. पाणी गुडघ्याला लागलं."

"खणतायत. वीस जण आहेत."

"मुनिस्वामी?"

"बाहेर आहे."

"बरं झालं." त्याच्या मागे पाण्याचा आवाज येत होता. "अण्णा, दहात किती?"

"काय?"

"अर्ध्या तासात थांबेल का? दहात किती?"

मी वर पाहिलं. आग्नेयेकडे अजून तितकंच काळं होतं. एक किंवा दोन, त्याहून जास्त नाही.

"आठ," मी म्हटलं.

"मग झालं. थांबतो मी."

पाणी कमरेला आल्याचं त्याने सांगितलं. थंडी वाजते म्हणाला. लंगरचा चहा मागवा म्हणाला, साखर जास्त. मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, "अण्णा, सकाळचा चार खरा होता ना? मी आपली थट्टा केली होती. मी म्हटलं म्हणून नाही ना केलास?"

मी म्हटलं, "खरा होता. चारच आला होता."

"मग ठीक. मग कोणाचं काही नाही."

त्यानंतर तार चालू होती, पण तो बोलला नाही. मी बोलत राहिलो. पाऊस सव्वाचारला थांबला. आम्ही त्याला साडेपाचला बाहेर काढलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी तीन दिवस बसली. मला विचारलं, आकडा किती दिला? चार. नियमाप्रमाणे चारला काम चालतं? हो, सर. कोर्टाचे प्रेसिडेंट साहेब म्हणाले, चार म्हणजे शून्य नव्हे. दहात चारदा पाऊस येणारच होता. कोणाचाही दोष नाही. मेजर साहेबांनी बाहेर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बरोबर होतास." तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. मेजर साहेब वळून गेले होते.

त्या दिवसापासून मी तिथेच आहे. कोणी मला दोषी म्हणत नाही आणि मला पकडता येईल असा पुरावा जगात कुठे नाही. सहा म्हटलं असतं तरी पाऊस आलाच असता, फक्त गॅलरी रिकामी असती. पण मी 'चार' म्हटलेल्या दिवसांचा जमाखर्च त्या वर्षी अगदी जुळला, दहात चारच पावसाचे. गुरुवार धरून.

मी पेन्शनीत निघालो आणि बेंगळूरलाच राहिलो. वर्षातून दोनदा राजाजीनगरला अक्कांकडे जातो. त्या कॉफी देतात. भाचीचं लग्न झालं, ती आता म्हैसूरला असते. गोविंदरावाचा युनिफॉर्ममधला फोटो दारासमोरच्या भिंतीवर आहे, त्यामुळे बसायला जागा कुठलीही निवडली तरी तो दिसतो. गेल्या खेपेला अक्का म्हणाल्या, "मीच दोनदा निरोप पाठवला हो. रजेसाठी जीव टाकून काम केलं असेल त्याने. मी बोलावलं नसतं तर सावकाश केलं असतं. साहेब सांगत होते, तुमचा आकडा बरोबर होता. मग चूक माझीच की नाही?"

मी म्हटलं, तसं काही नाही अक्का. कॉफी संपवली आणि उठलो. बस लगेच मिळाली.

नाईक गोविंदराव, सॅपर, वय एकतीस. पाच माणसं आपल्या आधी बाहेर काढली. त्याची चूक नव्हती, त्याच्या अक्कांची नव्हती. ते अक्कांना त्यांच्या घरी बसून, माझ्या तोंडाने सांगणं मी अजून देणं लागतो.