दाराला दार

क्रेनवाल्याची उभी हयात समुद्राकाठी बोटी भरण्यात गेली आणि मग बंदरच त्याच्या सासुरवाडीला आलं. समुद्र होता तिथेच राहिला. रेल्वेचा फाटा तेवढा डोंगर ओलांडून गावच्या कोरड्या माळावर आला. माल इथेच तपासायचा, इथेच सील ठोकायचं, की गाडी थेट बोटीच्या पुढ्यात. बायकोला माहेर जवळ हवं होतं, म्हणून त्याने बदली मागून घेतली. गावाने त्याला 'खलाशी' करून टाकलं. "काय खलाशी, भरती कधी?" कुणी विचारलं, की तो म्हणे, "तुम्हाला अक्कल आली की लगेच!"

सासूबाई मात्र थट्टेत नसत. त्यांचा चिनीमातीच्या पेल्यांचा कारखाना होता, आणि ट्रकने बंदरापर्यंत जाता जाता निम्म्या पेल्यांचा चुरा व्हायचा. परदेशची पहिली मोठी ऑर्डर त्यांनी जावयाच्या शब्दावर पहिल्याच गाडीत घातली होती.

"जावईबापू, माल फुटला किंवा बोट चुकली, तर भट्टी विझलीच म्हणून समजा."

क्रेनवाल्याने मोठ्या झोकात गाडी भरली. गाडी तपासणाऱ्या बाई कडेने चालत गेल्या आणि कपाळाला हात लावून हसू लागल्या.

"अहो, ही काय बोट आहे?"

बोटीवर सगळ्या कंटेनरची दारं एकाच दिशेला ठेवतात. मालगाडीत मात्र एका वाघिणीवरचे, म्हणजे एका उघड्या डब्यावरचे, दोन कंटेनर दाराला दार लावून ठेवायचे, म्हणजे वाटेत चोराला दार उघडताच येत नाही. पण मुरलेल्या हातांना हे कोण सांगणार!

"निम्मे फिरवा," बाई म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत निघाली नाही, तर बोट चुकली."

फिरवायच्या निम्म्यांत सासूबाईंचा कंटेनर होताच. नशीब असल्या वेळी बरोबर हजर असतं. क्रेनवाल्याला घाम फुटला. बाकीचे त्याने भराभर फिरवले, हा शेवटी ठेवला. ऊन कलत होतं, ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देत होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून सासूबाई ओरडल्या, "हळू घ्या हो! बोट गेली तर गेली!"

मग मात्र त्याचा हात स्थिरावला. झोपलेलं पोर मांडीवरून खाली ठेवावं, तसा त्याने तो कंटेनर ठेवला. तांबड्या उजेडात गाडी हलली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तपासणाऱ्या बाईही होत्या.

पुढे निरोप आला: एकही पेला फुटला नाही. सासूबाईंच्या घरात चांगला पेला कधी कुणाला मिळत नसे. टवके उडालेले, कान तुटलेले तेवढे घरच्यांचे. त्या संध्याकाळी त्यांनी विक्रीच्या खोक्यातून एक अख्खा पेला काढला, पुसला आणि जावयाला चहा ओतला.

"आई, तो विकायचाय!" बायको कळवळली. "मला जन्मात कधी दिला नाहीस!"

"तू क्रेन चालवतेस का?"

क्रेनवाल्याने पेला दोन्ही हातांनी धरला. चहा पार निवला, तरी तो खाली ठेवायचा त्याला धीर होईना.