अंबामामीची दहा मिनिटं

आमच्या डिंगोरे गावात बोलवा आहे की अंबामामी कानात वायर घालून, डोळे मिटून, मेलेल्या नवऱ्याशी फोनवर बोलते. पप्पू दूधवाला तर शपथेवर सांगतो, "म्या सोता ऐकलंय राव, पलीकडून बाप्याचा आवाज व्हता!"

बाप्या होता, खरं आहे. पण तो "गहरी साँस लीजिए" म्हणणारा, मोबाईलमधला. वायर माझी होती.

झालं असं. जानकूमामा रोज चारच्या सुमाराला गोठ्यातून ओरडायचे, "ए, ऐकतीस का! च्या ठेव!" आणि वर एक खोकला. पंचेचाळीस वर्षं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. गुरं विकली, लेक रुपाली चाकणला. तरी मामीला हाक ऐकू यायचीच. ती उठायची, मागचं दार उघडायची, रिकाम्या दावणीकडं बघून परत यायची. कधी दिवसातनं पाचदा.

"येडी न्हाई गं मी," मला म्हणाली. "कुणी नसतं, ठावं हाय. पण पाय उठत्यातच. एकदा बसून ऱ्हाता आलं पायजे."

उपकेंद्रातल्या आरती सिस्टर म्हणाल्या, रोज दहा मिनिटं शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या. कसं, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शेजारची आणि नेट माझ्याकडे.

पहिल्या व्हिडिओतले महाराज पाकात बुडवलेल्या आवाजात म्हणाले, "कल्पना कीजिए, आप समुंदर के किनारे हैं." मामी म्हणाली, "मी समिंदर पायलाच न्हाई. त्याला म्हणावं, पिंपळगाव जोग्याचं धरण धर." दुसऱ्यात श्वास आत घेतला आणि ट्रॅक्टरची जाहिरात लागली, ती संपेस्तोवर मामीनं श्वास सोडला नाही. ॲप सगळं इंग्रजीत. जुन्नरच्या वाचनालयातून पुस्तक आणलं, तर पहिली चाळीस पानं नुसती लेखकाची आरती.

शेवटी सिस्टरनाच गळ घातली. त्यांनी व्हॉट्सॲपवर दहा मिनिटं बोलून पाठवलं. मागं कोंबड्या, कुणाचं तरी रडणारं पोर. "श्वास आला, गेला, एवढंच बघा. आवाज आला तर म्हणा, आला. उठून बघायला जाऊ नका."

"ही बाई आपल्यातली हाय," मामी म्हणाली.

पहिले आठ दिवस ती दोन मिनिटांत दाराशी. मग चार मिनिटं. मग सहा. महिन्यानं एका दुपारी मला म्हणाली, "तू पारावर ह्यांचा आवाज काढती म्हणं. लोक लई हसत्यात."

मी वायर गुंडाळायला घेतली.

"तसाच काढ. गोठ्यात जाऊन. मी उठले तर तांबडा कोंबडा तुझा. न्हाई उठले, तर ह्यांचा आवाज परत काढायचा न्हाई. कुठंच."

कोंबडा माझाच, असं धरून चालले होते मी. त्या आवाजाला एकदा मामांचीच गाय हंबरली होती.

मामीनं चटईवर बसून सिस्टरचं बोलणं लावलं. मी गोठ्यात उभी राहिले, घसा खरवडला. "ए, ऐकतीस का! च्या ठेव!" शेवटचा खोकलाही घातला. मग खिडकीतून बघितलं. मामीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. बोटांनी चटईची कड घट्ट धरलेली. पण मांडी मोडली नव्हती.

दुसरी हाक मारली. तिसरी अर्ध्यात सोडली.

सिस्टरचं बोलणं संपलं तेव्हा मामीनं डोळे उघडले.

"खोकला लई बरोबर जमलाय गं," म्हणाली. "हारलीस. आता पुरं."